आतल्या खोलीत वायफाय पोहोचत नाही: रिपीटर, मेश की सरळ केबल?

राउटर हॉलमध्ये टीव्हीच्या मागे आणि मुलीचं अभ्यासाचं टेबल सगळ्यात आतल्या खोलीत. मध्ये दोन भिंती आणि एक बाथरूम. हॉलमध्ये स्पीड टेस्ट केली की प्लॅनप्रमाणे शंभर एमबीपीएस दिसतात, पण टेबलाशी ऑनलाइन क्लास दर दोन मिनिटांनी अडकतो. अशा वेळी बरेच जण मोठा प्लॅन घेतात. कृपा करून तसं करू नका. बाहेरून येणारी फायबर ठणठणीत आहे, अडचण घरातल्या भिंतींची आहे.

काहीही विकत घेण्याआधी मोजा. अँड्रॉइड फोनवर वायफायची ताकद दाखवणारी मोफत ॲप मिळतात. त्यात डीबीएममध्ये (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) उणे आकडा दिसतो, आणि तो शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. उणे ५० म्हणजे उत्तम. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ७५ च्या पुढे रडारड सुरू होते. या आकड्यात एकाचा फरक म्हणजे एक डेसिबल: दर ३ डेसिबलला ताकद निम्मी होते आणि दर १० ला दहावा हिस्सा उरतो.

मी फोन हातात धरून घरभर हळूहळू चाललो. राउटरपाशी उणे ३८, पॅसेजच्या तोंडाशी उणे ४९. लाकडी दार लावलं तर उणे ५२, म्हणजे दाराने फारसं काही खाल्लं नाही. साडेचार इंची विटांच्या भिंतीपलीकडे उणे ५८. बाथरूम मध्ये आल्यावर टेबलाशी थेट उणे ७६! दोन्ही बाजूंच्या टाइल्स, भिंतीतले पाण्याचे पाइप आणि वर मोठा आरसा. आरशामागचा धातूचा पातळ थर या लहरी परत फेकतो. लोखंडी कपाटही तेच करतं, आणि पाणी तर त्या शोषूनच घेतं.

म्हणून तुमचं घर कशाचं आहे, हा पहिला प्रश्न. विटांची भिंत साधारण ६ ते १० डेसिबल खाते. नव्या टॉवरमध्ये बऱ्याचदा ॲल्युमिनियमचे साचे लावून सगळ्याच भिंती काँक्रीटच्या ओततात. तिथे एकेक भिंत १५-२० डेसिबल किंवा त्याहूनही जास्त खाऊ शकते, त्यामुळे लहान फ्लॅटमध्येही शेवटची खोली कोरडी राहते. कोकणातल्या चिऱ्याच्या घरात भिंती जाड असतात, आणि पावसाळ्यात चिरा ओल धरतो तेव्हा रेंज आणखी खाली येते. जुन्या वाड्याच्या दोन-दोन फुटी दगडमातीच्या भिंतींपुढे तर कुठल्याच राउटरची फुशारकी चालत नाही.

आठ अँटेना लावलेला महागडा राउटर घेऊनही यातून सुटका होत नाही. बोलणं दुतर्फा असतं. राउटर कितीही मोठ्याने बोलला तरी फोनचा आवाज लहानच असतो, आणि तोही त्याच भिंतीतून परत यायचा असतो. फोनवर रेंज भरपूर दिसते आणि क्लासमध्ये मात्र आपला आवाज तुटतो, त्याचं एक कारण हे.

वायफाय ज्या दोन पट्ट्यांत (फ्रिक्वेन्सींत) चालतं, त्यांचंही थोडं समजून घ्या. २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटरची, ५ ची त्याच्या निम्म्याहून लहान. भिंतीपलीकडे २.४ जास्त तग धरतो, पण तिथे गर्दी फार: एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात गुरगुरतो. राउटरच्याच खोलीत आणि विटांच्या एका भिंतीपलीकडे ५ वापरा, त्यापुढे २.४.

आता पर्याय. पहिला फुकटचा: राउटर टीव्ही युनिटमधून बाहेर काढा, घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीवर लावा. निम्म्या घरांचं काम इथेच होईल असं मला मनापासून वाटतं.

तेवढ्याने भागलं नाही तर रिपीटर. सगळ्यात स्वस्त, प्लगमध्ये खोचला की झालं. पण लोक तो नेमका रेंज नसलेल्या खोलीत लावतात. त्याला जे ऐकू येतं तेच तो पुढे सांगतो, म्हणून त्याची जागा वाटेत, जिथे अजून उणे ६० च्या आसपास मिळतंय तिथे. शिवाय एकाच चॅनेलवर ऐकायचं आणि बोलायचं म्हटल्यावर स्पीड साधारण निम्मा होतो. मेसेज आणि दाराचा कॅमेरा यांना तो पुरतो. रोजच्या क्लाससाठी मी घेणार नाही.

मेश म्हणजे घरात ठिकठिकाणी ठेवलेले, एकमेकांशी बोलणारे वायफायचे डबे. खर्च कित्येक पट, पण घरभर एकच नाव राहतं आणि चालता चालता फोन जवळच्या डब्याकडे सरकतो. विटांचं दुमजली घर असेल, किंवा भाड्याच्या घरात भिंतीला हात लावता येत नसेल, तर मेश खरंच चांगलं. काँक्रीटच्या टॉवरमध्ये मात्र सावध राहा, कारण दोन डब्यांमधलं बोलणंही त्याच भिंतीतून जायचं असतं. दारं समोरासमोर येतील अशा जागा सापडल्या तरच पैसे टाका.

राउटरपासून आतल्या खोलीपर्यंत ओढलेली केबल दिसायला गैरसोयीची, पण माझा कौल तिलाच. कॅट ६ ही नेटवर्कची केबल १०० मीटरपर्यंत व्यवस्थित चालते आणि भिंत विटांची की काँक्रीटची याच्याशी तिला देणंघेणं नाही. दुकानात निव्वळ तांब्याची मागा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते, पण ती घेऊ नका. घरात पडून असलेला जुना राउटर दुसऱ्या टोकाला लावा: त्याचा आयपी पत्ता मुख्य राउटरपेक्षा वेगळा द्या, त्याचं डीएचसीपी (फोन-लॅपटॉपना पत्ते वाटण्याचं काम) बंद करा, केबल लॅन पोर्टात घाला, नाव आणि पासवर्ड तेच ठेवा, चॅनेल वेगळा. आमच्या टेबलाशी आता उणे ४४ दिसतं. ज्या दिवशी क्लास एकदाही न अडकता संपला, त्या दिवशी मुलीने खोलीतून ओरडून सांगितलं.

घरात रंगकाम किंवा फर्निचरचं काम निघालं असेल तर इलेक्ट्रिशियनला आजच सांगा: हॉलपासून प्रत्येक खोलीपर्यंत एक रिकामा पाइप, विजेच्या वायरींपासून वेगळा, आणि आत ओढायला एक तार सोडून ठेवायची.