नंदुरबार ते तोरणमाळ सायकल सहल: वाट त्यांना कळते, गिअर कळत नाहीत

नंदुरबारहून प्रकाशा, शहादा, म्हसावद, राणीपूर अशा वाटेने सातपुड्यातल्या तोरणमाळला सायकलने नेऊन परत आणणारी तीन दिवसांची सेवा मी डिसेंबरमध्ये घेतली. माणशी 5,200 रुपयांत सायकल, हेल्मेट, दोन मुक्काम, तिन्ही दिवसांचे जेवण, सामान वाहणारी पिकअप गाडी आणि सोबत एक मेकॅनिक एवढे मिळते. आम्ही सहा जण होतो आणि चोपन्नाव्या वर्षामुळे त्यांतला वडीलधारा मीच. सेवा चालवणारे दोन तरुण आहेत, त्यांच्या दुकानावर अजून पाटीही लागलेली नाही, आणि पुढे तक्रारी लिहायच्या असल्याने त्यांचे नाव येथे देत नाही. तक्रारी मुख्यतः सायकलीविषयी आहेत. सहलीची आखणी मात्र या भागात वाढलेल्या माणसालाच सुचेल अशी आहे.

पहिल्या दिवशी नंदुरबार ते शहादा हे चाळीसेक किलोमीटरचे सपाट अंतर ठेवले आहे. अमळनेरहून सकाळच्या गाडीने उतरलेल्या मला ते आधी फारच थोडे वाटले होते, पण अनोळखी सायकलवर सीटची उंची दोन वेळा बदलून घेण्यात आणि हँडलची सवय होण्यात तो दिवस सार्थकी लागला. शहाद्याला दोंडाईचा, सारंगखेडा या बाजूनेही जाता येते. दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरलेला असतो आणि तो रस्ता गाड्यांनी तुंबतो, म्हणून त्या दिवसांत ते प्रकाशामार्गेच नेतात. तापीच्या पुलावर वारा अंगावर घेत आम्ही थांबलो. बंधाऱ्यामुळे येथे पात्र एखाद्या तळ्यासारखे रुंद आणि संथ दिसते. गोमाई नदी जेथे तापीला मिळते तेथे वसलेले प्रकाशा हे गाव दक्षिण काशी म्हणून सर्वांना ठाऊक आहे. 1954-55 च्या उत्खननात येथे ताम्रपाषाणयुगापर्यंत मागे जाणारी वस्ती सापडली, हे मात्र केदारेश्वराचे दर्शन घेऊन परतणाऱ्यांपैकी थोड्यांनाच माहीत असते. आमच्या पिकअप गाडीच्या चालकाने हे सांगितले नाही. सांगितले असते तर बरे झाले असते.

प्रकाशापासून पुढे पपईच्या आणि केळीच्या बागांमधून रस्ता जातो. दृश्य सुंदर असले तरी लक्ष रस्त्यावरच ठेवावे लागते, कारण गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर येथे सतत धावत असतात आणि मागची ट्रॉली वळणावर सायकलस्वाराच्या अंगावर येते. पिकअप गाडी अशा ठिकाणी आमच्या मागे राहून संरक्षण देत होती. पुढे घाटातही तीच पद्धत त्यांनी चालू ठेवली. पहिल्या गिअरमध्ये गुरगुरणारी डिझेल गाडी पाठीशी घेऊन चढ चढणे हा छळ आहे, तेव्हा तिला दोन-तीन वळणे पुढे जाऊन थांबायला सांगावे. आम्ही सांगितल्यावर त्यांनी ते लगेच मानले.

आता सायकलीकडे येतो. मिळालेली सायकल नवी, सातशेच्या (700C मापाच्या) चाकांची, पस्तीस मिलिमीटर टायरांची होती. पुढे 48, 38 आणि 28 दातांच्या तीन चकत्या, मागे 14 ते 28 दातांचे सात गिअर. शहरात फिरायला ही जोडणी पुरेशी असते. पण शहादा तापीखोऱ्याच्या सपाटीवर आणि तोरणमाळ सुमारे 1,150 मीटर उंचीवर आहे, आणि या चढाचा बहुतेक भाग राणीपूर सोडल्यानंतर येतो. सर्वांत हलक्या गिअरमध्ये पुढे 28 आणि मागेही 28 दात असल्याने पायडलच्या एका फेऱ्यात चाकही एकच फेरा घेते, म्हणजे सायकल सुमारे 2.15 मीटर पुढे सरकते. माझ्यासारखा माणूस अशा चढावर ताशी पाच किलोमीटरने जातो. त्या वेगाला पायडलचे फेरे मिनिटाला 39 पडतात, आणि एवढ्या संथ फेऱ्यांत प्रत्येक वेळी गुडघ्यावर उभे राहिल्यासारखा भार येतो. मागे 34 दातांची चकती असती तर त्याच वेगाला 47 फेरे झाले असते. पुढची लहान चकतीही 22 दातांची केली तर 60 होतात, आणि साठ फेऱ्यांनी दिवसभर चढता येते. मागच्या डिरेलरला (साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाला) पेलत असेल तर 34 दातांचा फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, बसवणे हे फार मोठ्या खर्चाचे काम नाही. तोरणमाळची सहल विकणाऱ्याने ते पहिल्या गिऱ्हाईकाच्या आधी करायला हवे होते.

परिणाम व्हायचा तोच झाला. काळापाणीच्या पुढे आमच्यातले दोघे सायकल ढकलत चालू लागले, एकाने पिकअप गाडी गाठली, आणि सात पायरी घाटात मीही दोन ठिकाणी उतरलो. चालक मात्र धीराचा माणूस. प्रत्येक वळणावर गाडीला टेकून उभा राहून तो "आते थोडंसंच ऱ्हायनं, नाना" असे म्हणत असे. हे वाक्य मी एकूण सात वेळा ऐकले. घाटातला रस्ता डांबरी असला तरी कडेला खडी सुटलेली होती, आणि सागाच्या वाळक्या पानांखाली ती दिसत नव्हती.

मेकॅनिकविषयी स्वतंत्र लिहिले पाहिजे. वय असेल वीस-बावीस. म्हसावदच्या अलीकडे माझे मागचे चाक बसले, तेव्हा त्याने ट्यूब काढून पंक्चर शोधले, पण लगेच पॅच लावला नाही. आधी खिशातला एक सुती चिंधा टायरच्या आतून सावकाश फिरवला. तो एका ठिकाणी अडकला, आणि तेथून वेड्या बाभळीच्या काट्याचे बाहेरून मोडून गेलेले, तांदळाएवढे टोक निघाले. बोट फिरवले तर बोटात जाते, चिंधा फिरवला तर धागा अडकतो, असे त्याचे स्पष्टीकरण होते. ते टोक टायरमध्ये राहिले असते तर पुढच्या पाच किलोमीटरात पुन्हा हवा गेली असती. तिसऱ्या दिवशी उतरण्यापूर्वी त्याने सहाही सायकलींचे ब्रेक उघडून पाहिले. माझ्या पुढच्या ब्रेकच्या एका गुटक्यावरची खाच पूर्ण झिजली होती आणि रबरात ॲल्युमिनियमची चकचकीत कपची रुतून रिम खरवडत होती. त्याने तो जोड बदलला. हे काम नंदुरबारलाच व्हायला हवे होते, हा मुद्दा राहतोच. तथापि त्याने पाहिले नसते तर मी त्या ब्रेकवर घाट उतरलो असतो. उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नका, वळणाच्या आधी दोन्ही नीट दाबा आणि सोडा, रिम तापली तर ट्यूब फुटते, हेही त्याने प्रत्येकाला वेगळे सांगितले.

जेवणाबाबत माझी तक्रार नाही. शहाद्याला रात्री शेवभाजी होती. तिखट मागाल तेवढे मिळते, पण दुसऱ्या दिवशी घाट चढायचा असेल तर बेताने मागावे, हा सल्ला माझ्या अनुभवाचा आहे. वर तोरणमाळला एका पावरा आदिवासी कुटुंबाच्या घरी मुक्काम होता. तेथे चुलीवरची दादरची (रब्बी ज्वारीची) भाकरी, तुरीची घट्ट डाळ आणि लाल मिरचीचा ठेचा एवढेच वाढले, आणि ते अंगणात शेकोटीजवळ बसून खाल्ले. पांघरुणे दोन-दोन दिली होती तरी पहाटे कमी पडली. डिसेंबरात जाणाऱ्याने स्वेटरखेरीज कानटोपीही न्यावी. संडास घराबाहेर आहे, स्वच्छ आहे. मोबाइलला रेंज येते-जाते, म्हणून चहाचे पैसेही रोख जवळ ठेवावेत.

ज्यासाठी एवढा खटाटोप करायचा, त्या तळ्यांना मात्र या आखणीत सर्वांत कमी वेळ आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी सात ते साडेदहा एवढ्या अवधीत यशवंत तलाव, कमळ तलाव, गोरखनाथाचे मंदिर आणि सीताखाई उरकायची असते. यशवंत तलावाच्या काठाने सायकल चालवण्यासारखे सुख खानदेशात मी दुसरीकडे अनुभवलेले नाही: पाण्यावरून वाफ उठत असते, चारी बाजूंना सातपुड्याच्या टेकड्या असतात, आणि चढउतार इतका हलका की गिअरची आठवणही होत नाही. तेथे निवांत दोन तास बसावेसे वाटत असताना गाडीचा हॉर्न वाजला. सीताखाईच्या कड्यावर आम्ही जेमतेम वीस मिनिटे होतो. पावसाळ्यात येथे धबधबा कोसळतो. डिसेंबरात दरीची खोली आणि तळातले दाट रान पाहावे. एवढी घाई करूनही उतरायला अकरा वाजलेच, आणि राणीपूरच्या खाली सपाटीवर दुपारचे ऊन डोक्यावर घेऊन जावे लागले. चौथा दिवस वाढवून वर दोन मुक्काम ठेवले तर दीड हजार रुपये जास्त द्यायलाही लोक तयार होतील, असे मी त्यांना सांगितले आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेच्या दिवसांत ते सहल बंद ठेवतात, हा निर्णय योग्यच आहे.

ज्यांनी पूर्वी एखादा घाट सायकलने चढलेला नाही, त्यांनी हे पैसे सध्या भरू नयेत, किंवा राणीपूरपासून गाडीत बसायची मनाची तयारी ठेवून भरावेत. ज्यांची स्वतःची हलक्या गिअरची सायकल आहे, त्यांना ती आणण्याची मुभा आहे आणि तसे केल्यास माणशी 1,400 रुपये कमी घेतात. परत आल्यावर अनामत रक्कम कोणतीही कटकट न करता मिळाली. गिअरचा हिशेब मी बिलाच्या मागे लिहून दाखवला, तेव्हा मालकापेक्षा मेकॅनिकनेच तो कागद अधिक वेळ पाहिला आणि घडी घालून खिशात ठेवला. फेब्रुवारीत मी पुन्हा जाणार आहे, मुक्काम, जेवण आणि तो मेकॅनिक त्यांचा घेऊन, पण सायकल घरची नेऊन.