समुद्रात गळ टाकायला नेतो म्हणून पैसे घेतले. नाशिककरांनो, बुकिंगआधी हे वाचा

पावसाळा संपला की नाशिकहून पालघरच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या गाड्या वाढतात. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करत गेलं की सकाळच्या सकाळी समुद्र गाठता येतो. नेमकं हेच गिऱ्हाईक हेरून ‘दिवसभर बोट, गळाने मासेमारी, सोबत अनुभवी गाइड, जेवणासकट’ अशा जाहिराती मोबाइलवर फिरतायत. अशाच एका पेजने आमचे १२,००० रुपये नेले.

माझे सासरे नोट प्रेसमधून निवृत्त झाले. गंगापूर धरणाच्या काठावर गळ टाकण्यात त्यांची हयात गेली, पण समुद्रात एकदा गळ टाकायचं राहूनच गेलं होतं. त्यांच्या पंच्याहत्तरीचं निमित्त करून मी, मेहुणा आणि दोघं भाचे असा बेत ठरवला. म्हाताऱ्या माणसाच्या हौसेवर हात मारला गेला, याचा राग पैशांपेक्षा मोठा आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणारा माणूस गोड होता. आधी ८,००० आगाऊ घेतले. आदल्या संध्याकाळी ‘लाइफ जॅकेट आणि परवान्याचं डिपॉझिट, संध्याकाळी परत मिळेल’ म्हणून आणखी ४,००० मागितले. मग लोकेशन आलं आणि निरोप आला: सकाळी ६ ला जेट्टीवर या, तांडेल (बोट चालवणारा प्रमुख) बोट लावून उभा असेल.

आम्ही उजाडता उजाडता पोचलो, तर जेट्टीला पाणीच नव्हतं. खाडीभर काळा चिखल, त्यात कलंडलेल्या होड्या, आणि नांगराचे दोर सैल पडलेले. फोन आधी वाजला, मग ‘पाच मिनिटांत येतो’ झालं, मग कुणी उचलेना.

जेट्टीच्या कडेला एक वयस्कर तांडेल जाळं विणत बसले होते. त्यांना वेळ सांगितली तर हातातली सुई थांबवून म्हणाले, “आज पुनव ना? सहाला तर पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी. सहाची वेळ देणारा माणूस दर्यावरचा नाही, भाऊ.”

मग त्यांनी बोटांवर हिशेब करून दाखवला. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, म्हणजे पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते. पौर्णिमा पंधरावी, तिची पाऊणपट सव्वाअकरा. त्याच्या सहा तास आगेमागे ओहोटी. अष्टमीला हिशेब सहावर येतो, म्हणून त्या दिवशी सकाळी सहाला पाणी भरलेलं असतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिथी छापलेलीच असते, त्यामुळे ही पडताळणी नाशिकमध्ये बसूनही होते. अशा चिखलाच्या खाड्यांमध्ये बोट भरतीच्या पाण्यावरच सुटते, घड्याळावर नाही.

पेजवरचे फोटो त्यांना दाखवले. हातात गळाची काठी घेतलेला पोरगा आणि पुढ्यात पापलेटांची पाटी. ते म्हणाले, पापलेट जाळ्यात मिळतं, ते सहसा गळाला लागत नाही. गळाला शिंगाळा लागेल, नशीब असेल तर रावस किंवा जिताडा. बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर नोंदणी क्रमांक रंगवलेला असतो, तो फोटोत पुसून टाकला होता. आणि त्याच पेजवर जुलैच्या तारखाही बुकिंगला खुल्या होत्या. राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते!

मेहुण्याने त्यांनाच विचारलं, तुम्ही नेता का, वेगळे पैसे देतो. ते सरळ नाही म्हणाले. त्यांच्या नौकेची नोंदणी मासेमारीची आहे, प्रवासी नेण्याची परवानगी नाही आणि पाच जणांना पुरतील एवढी जॅकेट्सही नाहीत. प्रवासी वाहतुकीचा परवाना मेरिटाइम बोर्डाचा असतो, तो आधी बघायला मागा, असंही त्यांनी बजावलं. दारात आलेला पैसा नाकारणारा हा माणूस होता, म्हणून या धंद्यातल्या सगळ्यांना एका माळेत ओवू नका.

खरा डाव पुढे होता. नऊच्या सुमारास त्या भामट्याचाच मेसेज आला: बोट बिघडली, पूर्ण १२,००० परत देतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका. मेहुण्याने स्कॅन केलं आणि पडद्यावर रक्कम आली, खाली ‘पे’चं बटण. सासऱ्यांनी तिथेच त्याचा हात धरला. पैसे यायचे असतील तर पिन कधीच लागत नाही. पिन टाकला असता तर आणखी १२,००० गेले असते.

आम्ही जेट्टीवरूनच १९३० ला फोन लावला. ही आर्थिक सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे आणि जितक्या लवकर कळवाल तितकी समोरच्या खात्यातली रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त. तिथे व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (प्रत्येक ऑनलाइन व्यवहाराला मिळणारा ओळख क्रमांक), वेळ आणि रक्कम विचारतात, ती हाताशी ठेवा. चॅट आणि पेजचे स्क्रीनशॉट फोन करायच्या आधी काढा, कारण आमच्या बाबतीत दुपारपर्यंत पेज गायब झालं होतं. नाशिकला परतल्यावर सायबर पोलिसांकडे लेखी तक्रार दिली. दुसऱ्या हप्त्याचे ४,००० समोरच्या खात्यात गोठवले गेलेत, ते सोडवून घ्यायचा अर्ज चालू आहे. आधीचे ८,००० तोवर पुढे निघून गेले होते.

तेच पापलेटचे फोटो आता दुसऱ्या नावाच्या पेजवर दिसतायत. तुमच्यापैकी कुणी तिथे पैसे भरले असतील तर रक्कम छोटी आहे म्हणून सोडून देऊ नका, आजच १९३० ला कळवा.