पीएस५ आणि सीरीज एक्स एकाच टीव्हीला जोडून काही महिने: तुलनांवरून होणाऱ्या भांडणांबद्दल माझा अनुभव

माझ्याकडे सोनीचा पीएस५ (प्लेस्टेशन ५) हा गेम खेळायचा कन्सोल आधीपासून होता. धाकटा भाऊ बदली होऊन बंगळूरला गेला तेव्हा त्याने त्याचा एक्सबॉक्स सीरीज एक्स, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा कन्सोल, माझ्याकडे ठेवला. त्याच्या खात्यावर घेतलेले बरेच गेम त्यात होते. त्यातले काही मी पीएस५ साठी जुन्या डिस्क शोधून पुन्हा घेतले आणि तेच प्रसंग दोन्हीकडे खेळायला सुरुवात केली. यामागे कारण होतं. आमच्या मित्रमंडळीत एकच गेम दोन्ही कन्सोलवर कसा चालतो याच्या तुलनेचा कुठलाही व्हिडिओ आला की दहा मिनिटांत कोणीतरी म्हणतं, 'हा माणूस विकला गेलाय.' कोण विकला गेलाय ते मात्र म्हणणाऱ्याच्या घरी कुठला कन्सोल आहे त्यावर ठरतं.

हे मला समजतं. २०२१ साली फेब्रुवारीत पीएस५ भारतात आला तो ४९,९९० रुपयांना, सीरीज एक्सची सुरुवातीची किंमतही तेवढीच. वरून एकेका नव्या गेमला चार-पाच हजार. एवढे पैसे एका बाजूला लावल्यावर दुसरी बाजू सरस आहे हे ऐकून घेणं जड जातं. पण इतके महिने दोन्ही वापरून माझं मत पक्कं झालं आहे. तुलना करणारे जाणकार लोक खोटे आकडे देत नाहीत. पक्षपात शिरतो तो आकड्यांच्या आधी आणि नंतर. आधी म्हणजे कुठला प्रसंग मोजायचा आणि कुठल्या टीव्हीवर बघायचं हे ठरवताना, नंतर म्हणजे सगळ्याचा निकाल एका ओळीत लावताना.

भांडणाचं मूळ मार्च २०२० मधल्या एका आठवड्यात आहे. मायक्रोसॉफ्टने १६ तारखेला सीरीज एक्सचा सगळा तपशील दिला, १८ तारखेला सोनीच्या मार्क सर्नी यांनी पीएस५ ची रचना समजावून सांगितली. सीरीज एक्सचा ग्राफिक्स भाग, म्हणजे चित्र काढणारा भाग, १२.१५ टेराफ्लॉपचा (टेराफ्लॉप हे गणिती ताकदीचं माप), पीएस५ चा १०.२८ चा. म्हणजे कागदावर साधारण १८ टक्क्यांचा फरक. पण पीएस५ चा ग्राफिक्स भाग २.२३ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, सीरीज एक्सचा १.८२५ वर स्थिर असतो. पीएस५ ची एसएसडी (गेम साठवायची जागा) सेकंदाला ५.५ गिगाबाइट वाचते, सीरीज एक्सची २.४. सीरीज एक्सच्या १६ गिगाबाइट मेमरीतला १० गिगाबाइटचा भाग जलद आहे, उरलेला सावकाश. इतक्या बाबतींत वेगळ्या असलेल्या दोन यंत्रांवर प्रत्येक गेममध्ये तोच विजेता निघेल अशी अपेक्षाच चुकीची होती. लोकांनी मात्र १२ हा आकडा १० पेक्षा मोठा एवढंच लक्षात ठेवलं. मग नोव्हेंबर २०२० मध्ये 'असॅसिन्स क्रीड व्हॅलहाला' सुरुवातीला पीएस५ वर जास्त स्थिर चालला आणि एकच गहजब झाला. काही आठवड्यांत पॅच (दुरुस्तीचा अपडेट) येऊन चित्र सुधारलं, पण पहिल्या आठवड्यातले व्हिडिओ अजूनही पुरावा म्हणून फिरतात. त्यावर गेमची आवृत्ती लिहिलेली नसते.

'हिटमॅन ३' हा माझ्या दृष्टीने सगळ्यात बोलका नमुना. जानेवारी २०२१ मध्ये तो आला तेव्हा सीरीज एक्सवर चित्र पूर्ण २१६०पी, म्हणजे पिक्सेलच्या २१६० ओळींचं, पीएस५ वर १८००पी. हिशेब केला तर सीरीज एक्स ४४ टक्के जास्त पिक्सेल काढतो, शिवाय सावल्याही जास्त रेखीव. एका बाजूला मथळा मिळाला. पण त्याच गेममधल्या मेंडोझाच्या टप्प्यात द्राक्षमळ्याच्या कडेच्या गवतातून चालताना सीरीज एक्स सेकंदाला ६० चित्रांवरून खाली घसरायचा आणि पीएस५ ६० वर टिकायचा. दुसऱ्या बाजूलाही मथळा मिळाला. गंमत नाही, दोन्ही गोष्टी एकाच तुलनेत, एकाच माणसाने सांगितलेल्या होत्या. पाहणाऱ्यांनी आपापला तुकडा कापून घेतला. मी त्या गेममध्ये पुष्कळ वेळ काढला आहे, आणि त्यातला गवताच्या कडेला गेलेला वेळ अगदीच थोडा. म्हणून माझा कौल इथे सीरीज एक्सला आहे. पण तो गवताचा तुकडा दाखवणाऱ्याला मी पक्षपाती म्हणणार नाही. तो दाखवून 'बघा, हाच खरा गेम' म्हणणाऱ्याला म्हणेन.

'कंट्रोल' च्या बाबतीत उलट झालं. त्याच्या ग्राफिक्स मोडमध्ये, म्हणजे चित्राला प्राधान्य देणाऱ्या सेटिंगमध्ये, दोन्ही कन्सोलवर गेम ३० ला बांधलेला आहे, त्यामुळे खेळताना फरक कळत नाही. गेमची तांत्रिक मोजमापं करणाऱ्या डिजिटल फाउंड्रीच्या लोकांनी शक्कल लढवली. फोटो मोडमध्ये ती मर्यादा निघते हे पाहून तिथे मोजमाप केलं, आणि सीरीज एक्स सरासरीने सुमारे १६ टक्के पुढे निघाला. ग्राफिक्स भागाची ताकद मोजायची तर ही अतिशय हुशार आणि प्रामाणिक पद्धत आहे. पण ती थांबलेल्या चित्राची मोजणी होती. फोटो मोडमध्ये शत्रू हलत नाहीत, भिंती फुटत नाहीत, प्रोसेसरवर ताण नसतो. हे त्यांनी स्वतः सांगितलं होतं. ती अट गाळून नुसता टक्का पुढे गेला.

आता 'एल्डन रिंग'. याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण तुलना प्रामाणिक असूनही एखाद्याला चुकीचा सल्ला कसा देऊ शकते ते मला याच गेमने दाखवलं. फ्रेमरेट मोडमध्ये, म्हणजे गतीला प्राधान्य देणाऱ्या सेटिंगमध्ये, हा गेम दोन्हीकडे ६० वर टिकत नाही. पीएस५ थोडा वर असतो, सीरीज एक्स थोडा खाली. आलेख काढला तर पीएस५ ची रेघ वर दिसते आणि निकाल लागतो.

आमच्या हॉलमधल्या टीव्हीला व्हीआरआर आहे, म्हणजे गेम ज्या गतीने चित्रं देईल त्या गतीने पडदा ताजा होतो. सीरीज एक्सला ही सोय पहिल्यापासून होती, पीएस५ ला एप्रिल २०२२ मध्ये मिळाली. पीएस५ वर ती ४८ च्या वरच काम करते. एक्सबॉक्स त्याखालीही चित्रं दुप्पट करून गती जुळवून घेतो. परिणाम असा की त्या टीव्हीवर गेममधल्या लिमग्रेव्हच्या माळावर घोडा सोडला की आलेखात मागे असलेला सीरीज एक्स हाताला जास्त गुळगुळीत लागतो. पीएस५ वर गती ४८ च्या आसपास घुटमळली की हिसके जाणवतात.

मग मी दोन्ही कन्सोल आतल्या खोलीतल्या जुन्या टीव्हीला लावले. तो साधा ६० हर्ट्झचा, फोरके आहे पण व्हीआरआर नाही. माझ्या ओळखीतल्या बहुतेक घरांत असाच टीव्ही आहे. तिथे सीरीज एक्सचा तो फायदा पार नाहीसा झाला. पडदा सेकंदाला ६० वेळा बदलणार आणि गेम ५२ चित्रं देणार, मग काही चित्रं दोनदा दाखवली जाणार आणि कॅमेरा फिरवताना धक्के बसणार. दोन्हीकडे तेच. त्यातल्या त्यात पीएस५ बरा. आणि सगळ्यात चांगला अनुभव कुठे मिळाला? पीएस५ वर चालवलेल्या पीएस४ च्या, म्हणजे आधीच्या प्लेस्टेशनसाठीच्या, आवृत्तीत. गवत थोडं कमी, सावल्या साध्या, चित्र किंचित मऊ, पण गती जवळपास कायम ६०. मालेनियासारख्या शत्रूशी लढताना चुकवायची वेळ साधण्यासाठी मला हीच आवृत्ती हवी. एक लक्षात ठेवा: पीएस४ आवृत्तीतली सेव्ह फाइल पीएस५ आवृत्तीत नेता येते, उलट नेता येत नाही. त्यामुळे सुरुवातीलाच ठरवा.

एकच गेम, तीन वेगळी उत्तरं, आणि तिन्ही खरी. 'कुठल्या टीव्हीवर' हे न सांगता दिलेला निकाल मी आता अर्धवट समजतो.

घरच्यांवरही प्रयोग केला. कन्सोल कपाटात, खेळणारा मी, कंट्रोलर चादरीखाली, आणि बघणारे भाचा आणि मेहुणा. दोघेही गेमर, दोघांचीही मतं ठाम. भाचा एक्सबॉक्सवाला, मेहुणा प्लेस्टेशनवाला. 'हिटमॅन ३' मध्ये कुठलं चित्र कुठल्या कन्सोलचं हे दोघांनाही सांगता आलं नाही. सोफ्यावरून ५५ इंची पडद्यावर १८००पी आणि २१६०पी मधला फरक डोळ्याला सापडत नाही, पडद्याजवळ जाऊन दूरची जाळी किंवा केस न्याहाळले तर सापडतो. 'एल्डन रिंग' मध्ये जुन्या टीव्हीवर मात्र दोघांनीही, न विचारता, पीएस४ ची आवृत्ती सुरू होताच 'ही छान चालतेय' म्हटलं. पिक्सेलच्या आकड्यांवरून जितकी भांडणं होतात त्याच्या दहाव्या हिश्श्यानेही चित्रांच्या नियमित गतीवर बोललं जात नाही, आणि माणसाला जाणवते ती गतीच.

संशय नुसता वेडेपणातून येत नाही, त्याला इतिहास आहे. २०१३ साली 'कॉल ऑफ ड्यूटी: घोस्ट्स' पीएस४ वर १०८०पी आणि त्या वेळच्या एक्सबॉक्स वनवर ७२०पी निघाला. तो फरक खरा होता, यंत्रांच्या ताकदीतून आलेला होता. पुढच्याच वर्षी 'असॅसिन्स क्रीड युनिटी' दोन्हीकडे ९००पी आणि ३० वर बांधला गेला, आणि एका निर्मात्याने मुलाखतीत सांगितलं की वादविवाद टाळायला असं केलं. प्लेस्टेशनवाले भडकले, गेम काढणाऱ्या यूबीसॉफ्टला खुलासा करावा लागला की कुठल्याही कन्सोलसाठी गेम मुद्दाम खाली आणलेला नाही. म्हणजे फरक असला तरी शंका, नसला तरी शंका. आणि हे फक्त चाहत्यांपुरतं नाही. मायक्रोसॉफ्टने ६८.७ अब्ज डॉलरना 'कॉल ऑफ ड्यूटी' ची मालक कंपनी अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड घ्यायचं ठरवल्यावर ब्रिटनच्या स्पर्धा नियामकापुढे २०२३ मध्ये सोनीने लेखी भीती मांडली, की प्लेस्टेशनवरच्या 'कॉल ऑफ ड्यूटी' मध्ये शेवटच्या टप्प्यातच किंवा नंतरच्या अपडेटमध्येच दोष दिसतील असं होऊ शकतं. एवढी मोठी कंपनी अधिकृत कागदावर असं लिहिते, तिथे सतरा वर्षांच्या पोराला कशाला नावं ठेवायची?

खरा पक्षपात बघायचा असेल तर डिसेंबर २०२० चा 'सायबरपंक २०७७' बघा. गेम येण्याआधी समीक्षकांना फक्त पीसीची प्रत मिळाली, आणि सुरुवातीला स्वतः चित्रित केलेलं काही दाखवायला परवानगी नव्हती. समीक्षा भरभरून आल्या. ज्यांच्याकडे साधा पीएस४ किंवा एक्सबॉक्स वन होता त्यांना पैसे भरल्यावर कळलं की गेम जेमतेम चालतो. आठवड्याभरात सोनीने तो दुकानातून काढला आणि पैसे परत देऊ केले, तो परत आला २१ जून २०२१ ला. गेम बनवणाऱ्या सीडी प्रोजेक्टने जुन्या कन्सोलवरचा गेम आधी दाखवला नाही याची माफी मागितली. यात कोणी एका कन्सोलची बाजू घेतली नव्हती. लपवलं ते दोन्ही कन्सोलच्या गिऱ्हाइकांपासून. आपण ९०० आणि १०८० वर एकमेकांची डोकी फोडत असताना ज्या तुलनेची सर्वांत जास्त गरज होती ती होऊच दिली नाही. याचा मला अजूनही राग आहे.

चित्राच्या रंगांबद्दल थोडं. 'एक्सबॉक्सवर रंग गडद', 'प्लेस्टेशनवर फिकट' अशी चित्रं शेजारी लावून फिरवली जातात. माझ्या दोन्ही कन्सोलवर एचडीएमआयची आरजीबी रेंज (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा पल्ला) टीव्हीशी जुळवली, एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणारी सोय) पुन्हा बसवलं, आणि त्या तथाकथित फरकातला जवळजवळ सगळा भाग गेला. रेंज जुळत नसेल तर काळा रंग एकतर राखाडी दिसतो किंवा अंधारातला तपशील गिळतो. कुणी रंगांवरून निकाल दिला असेल आणि ही सेटिंग सांगितली नसेल, तर मी पुढे वाचत नाही. तसंच 'एक्सबॉक्स' म्हणून सीरीज एसचं चित्रण लावलेलं असतं तेही तपासा. तो चार टेराफ्लॉपचा कन्सोल आहे, सीरीज एक्स नव्हे. आणि हे सगळं आपण बघतो मोबाइलवर, आक्रसलेल्या व्हिडिओत, जिथे गवताची पाती आधीच विरघळलेली असतात.

मोजमापात न येणाऱ्या गोष्टींनीच रोजच्या वापरात माझी निवड ठरली. पीएस५ च्या ड्युअलसेन्स कंट्रोलरचा ट्रिगर धनुष्य ताणताना बोटाला जो विरोध करतो तो आलेखावर येत नाही. सीरीज एक्सवर तीन-चार गेम जिथे सोडले तिथूनच क्विक रिझ्यूमने उघडतात, आणि रात्री जेमतेम पाऊण तास मिळणाऱ्या माणसाला याचं मोल मोठं आहे. जुने एक्सबॉक्स ३६० चे अनेक गेम तिथे चालतात. पीएस५ च्या डिस्क आमच्याकडे सहज विकल्या जातात, त्यामुळे एक संपवून दुसरा घ्यायला सोपं पडतं.

कोणी विचारलं तर सध्या मी असं सांगतो. टीव्ही ६० हर्ट्झचा आणि 'एल्डन रिंग' खेळायचाय, तर पीएस५ वर पीएस४ ची आवृत्ती. टीव्हीला व्हीआरआर असेल तर सीरीज एक्स. 'हिटमॅन' साठी सीरीज एक्स, पण पीएस५ असेल तर त्यासाठी दुसरा कन्सोल घेऊ नका. 'कंट्रोल' कुठेही, सरळ परफॉर्मन्स (जास्त गतीच्या) मोडमध्ये. आणि कुठल्याही तुलनेत आवृत्ती, मोड, टीव्ही आणि मोजलेला प्रसंग या चार गोष्टी लिहिलेल्या नसतील तर करणाऱ्याला त्या विचारा. भाऊ दिवाळीला येऊन सीरीज एक्स घेऊन जाणार आहे. तोवर कोणाला एखादा गेम दोन्हीकडे तपासून हवा असेल तर सांगा, माझ्याकडे असेल तर दोन्ही टीव्हींवर लावून बघतो.