टायगर पिस्टल श्रिम्प आणि टँकमधले शेजारी: दहा महिन्यांचा अनुभव

पहिल्या आठवड्यात दोनदा मध्यरात्री उठून मी घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टँकच्या काचेवर टॉर्च फिरवली. 'टक्' असा खणखणीत आवाज आला होता आणि काच तडकलीच असं वाटलं होतं. काच धड होती. खडकाखाली बसलेल्या पिस्टल श्रिम्पने, म्हणजे माझ्या नव्या समुद्री कोळंबीने, नांगी मिटली होती, एवढंच.

घेण्याआधी मला सगळ्यांनी भीती घातली ती या नांगीचीच. ती इतक्या झपाट्याने मिटते की पाण्याची चिळकांडी सुटते आणि तिच्यासोबत एक बुडबुडा तयार होतो. 'टक्' होतं ते तो बुडबुडा क्षणात मिटताना. नांगीची दोन टोकं एकमेकांवर आपटल्याचा तो आवाज नव्हे. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००० साली अतिवेगवान कॅमेऱ्याने हे दाखवून दिलं.

दहा महिन्यांचा हिशेब मांडला तर मला नांगीपेक्षा खोदकाम जास्त महागात पडलं. ही कोळंबी दिवसभर वाळू उपसते. मी खडक वाळूवरच रचले होते, ती माझी चूक. दुसऱ्या महिन्यात खालची वाळू निघून गेली, मोठा खडक कलंडला आणि प्रवाळाची एक फांदी मोडली. मग सगळं बाहेर काढलं, खडक थेट तळाच्या काचेवर टेकवले आणि त्यांच्याभोवती सहा-सात सेंटिमीटर वाळू घातली. तिच्यात प्रवाळाचे बारीक-मोठे तुकडे मिसळले. नुसत्या बारीक वाळूत बीळ टिकत नाही, छताला आधार लागतो. वाळूवर ठेवलेले झोअँथिडही (प्रवाळासारखे मऊ जीव) एकदा गाडले गेले होते, तेव्हापासून प्रवाळ वरच्या कपारीत.

सोबतीला पिवळा वॉचमन गोबी हा छोटा मासा सोडला. तिसऱ्या दिवशी दोघं एका बिळात. हे बघण्यासाठीच हा प्राणी पाळावा, असं मी मनापासून सांगेन. श्रिम्पला नीट दिसत नाही, म्हणून बाहेर पडताना तिची एक मिशी कायम गोबीच्या अंगावर टेकलेली असते. ती दोन्ही नांग्यांनी वाळूचा ढिगारा पुढे ढकलत येते, तो दारात राखण करतो. माझी सावली काचेवर पडली की त्याची शेपटी थरथरते आणि श्रिम्प तिथल्या तिथे मागे सरकते. धोका वाढला तर तोही डोकं खाली घालून आत. गोबी उडी मारतो, टँकवर जाळी हवीच.

क्लाउनफिश वरच्या पाण्यात असतात, त्यांचा काही प्रश्न आला नाही. क्लीनर श्रिम्प ही दुसरी कोळंबी एकदा बिळाच्या तोंडाशी गेली, एक 'टक्' झाला आणि ती पुन्हा तिकडे फिरकली नाही. सेक्सी श्रिम्प या इवल्याशा कोळंब्या मात्र ठेवू नका. मी तीन सोडल्या, महिन्याभरात एकच उरली. मारताना पाहिलं नाही, तरी पुन्हा धाडस करणार नाही. एका गोगलगायीचा रिकामा शंख बिळाच्या भिंतीत बसवलेला दिसला, ती आधीच मेली होती की नाही, देव जाणे. उलट बाजूनेही विचार करा: हॉकफिश, ट्रिगरफिश यांच्यासाठी कोळंबी म्हणजे खाद्य. माशांच्या आजारावर तांब्याचं औषध या टँकमध्ये कधीच घालू नका, कोळंबीला ते विषारी आहे.

सहाव्या महिन्यात पिस्टल श्रिम्पची आवाज करणारी मोठी नांगी तुटलेली दिसली आणि आवाज बंद झाला. मी फार अस्वस्थ होते. मग वाळूवर पूर्ण कात सापडली, ती मेली असंच आधी वाटलं. पुढच्या दोन-तीन कातींत दुसऱ्या बाजूची लहान नांगी फुगत मोठी झाली आणि तुटलेल्या जागी लहान उगवली. म्हणजे उजवीची डावखुरी झाली! आवाज परतला तो आधी दबका, मग पूर्वीसारखा खणखणीत.

खायला बुडणारे दाणे आणि मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) देते. तेही बिळाजवळ ड्रॉपरने, नाहीतर सगळं वरच्या वर संपतं. परवा गोबीने एक दाणा तोंडात धरून दारात आणून टाकला आणि आतून लहान नांगी बाहेर येऊन तो घेऊन गेली.