ठिपक्यांची ए५ वही: एकाच वहीत तिन्ही कामं
नियोजन, निसर्गनोंदी आणि आत्मचिंतन एकाच वहीत करायचं तर ठिपक्यांची ए५ वही उत्तम, पण शिवलेल्या बांधणीचीच घ्या. नुसती चिकटवलेली वही सहसा सपाट उघडत नाही. झाडांची वाळलेली पानं डकवली की तिचा कणा सुटू शकतो. कागद १०० जीएसएमचा (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) तरी हवा. ८० जीएसएमवर शाईपेन बरेचदा मागे उमटतं. जलरंगांनी १२० जीएसएमचा कागदही सुरकुततो, त्यापेक्षा रंगीत पेन्सिली बऱ्या.

पहिली चार पानं अनुक्रमणिकेला ठेवा. नियोजन पुढून, चिंतन मागून. निसर्गनोंदी नियोजनाच्या ओघातच, कोपऱ्यात हिरवी खूण करून. पक्ष्याचं नाव सगळ्यात शेवटी लिहा. आधी लिहिलं, की चोचीचा आकार, शेपटीची लांबी नीट पाहायची राहून जाते. ५ मिलिमीटर अंतराच्या ठिपक्यांवर झाडाच्या पानाची लांबी मोजणंही सोपं.