कोर्स काढण्याआधी: फॉर्म पाठवावा की घरी जाऊन विचारावं?

समजा, तुम्हाला ब्लाऊज शिवण्याचा ऑनलाइन कोर्स काढायचाय. पहिला व्हिडिओ करण्याआधी बायकांना नेमकं काय हवंय ते कळायला हवं. ते विचारायचं कसं? मी सोलापुरात दोन्ही करून पाहिलं.

गूगल फॉर्म फुकट. अर्ध्या तासात तयार होतो, भिशीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला की रात्रीपर्यंत उत्तरं येतात. पण 'असा कोर्स आला तर घ्याल का?' असं विचारल्यावर ओळखीचं माणूस तोंडावर नाही म्हणत नाही. माझ्याकडे 42 जणींनी 'हो'वर टिक केली. 200 रुपये आगाऊ मागितले तेव्हा 3 उरल्या.

घरी जाऊन बोलणं वेळ खातं. 7 जणींना माझे दोन आठवडे गेले, चहा किती झाले ते विचारू नका. पण पूर्व भागातल्या एका घरी जे कळलं ते फॉर्ममधून आलंच नसतं. घरात तेलुगू, माझ्याशी फर्डी मराठी. लिहायचं म्हटलं की मात्र नको. 'कोर्स हवा का' असं मी विचारलंच नाही. 'शेवटचं काय शिवताना अडलं?' एवढंच विचारलं. तिनं मशिनखालून एक ब्लाऊज काढला. मुंढ्याला बाही तीनदा उसवून लावलेली, तरी चुण्या. म्हणाली, ''ताई, गणवेशाच्या कारखान्यात नऊ वर्षं नुसती कॉलर लावली. अख्खा कपडा कधी शिवलाच नाही बगा.''

आता हिनं फॉर्ममध्ये 'नवशिकी'वर टिक केली असती की 'चांगलं येतं'वर? हात कसलेला, कटिंगचा पत्ता नाही. सोलापुरात अशा बायका थोड्या नाहीत, आणि माझे पहिले चार धडे मशिन ओळखण्यावर होते! ते काढून टाकले.

लोक गूगलवर कधी काय जास्त शोधतात ते आलेखात दाखवणारं गूगल ट्रेंड्सही लोक सुचवतात. त्यातला 100 म्हणजे शंभर लोक नव्हेत. निवडलेल्या काळातला सगळ्यात वरचा बिंदू, इतकंच. ओळखीचं कुणीच नसेल तर बघा. त्यापेक्षा शिवणाच्या व्हिडिओंखालच्या तक्रारी वाचलेल्या बऱ्या.

फॉर्म टाकाऊ नाही, पण त्याची पाळी नंतरची. गप्पांमधून आलेले त्यांचेच शब्द पर्यायांत घाला आणि ठरवायच्या गोष्टी विचारा: दुपारी 3 की रात्री 9, फी एकरकमी की हप्त्यानं. हातात चारच दिवस असले तरी मी फॉर्मऐवजी तिघींच्या घरी जाईन. त्यानंतर 5 जणींची छोटी बॅच, पैसे घेऊनच. झूमच्या फुकट मीटिंगला 40 मिनिटांची मर्यादा आहे. एक बाही तेवढ्यात बसते.

फक्त जून तोंडावर असताना कुणाच्या दारात जाऊ नका. शाळा उघडायच्या, गणवेशाची घाई. कारखान्यातून उशिरा आलेली बाई तुमच्याशी काय बोलणार?