रॅकेट: बदलाला मुभा, पण मोजून
स्कीम या प्रोग्रामिंग भाषेत फलनात्मक शैलीने (आधीची मूल्ये न बदलता फलनांतून नवी काढत) लिहावे की आज्ञार्थी शैलीने (साठवलेली मूल्ये टप्प्याटप्प्याने बदलत), ही निवड भाषा प्रोग्रामरवर सोपवते. तिच्यातून निघालेली रॅकेट ही भाषा मात्र फलनात्मक शैलीकडचा आपला कल उघडपणे दाखवते. पूर्वी पीएलटी स्कीम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रणालीने २००८ मधील ४.० आवृत्तीत साध्या यादीचे घटक जागच्या जागी बदलण्याची सोय काढून टाकली आणि जोडीचा पहिला घटक बदलणाऱ्या ‘सेट-कार!’वर विसंबलेल्या जुन्या कोडला ‘एमपेअर’ या वेगळ्या, बदलता येणाऱ्या जोडीचा आधार घ्यावा लागला. निर्णय कडक असला तरी मला तो पटतो, कारण एकदा तयार झालेली यादी कोणत्याही फलनाच्या हाती निर्धास्तपणे देता येते. चलाचे मूल्य बदलणारे ‘सेट!’ अजून शिल्लक आहे. पण त्याने दुसऱ्या मॉड्यूलमधील (प्रोग्रामच्या स्वतंत्र भागातील) चल बदलता येत नाही, आणि हे योग्यच आहे. बेरजेसारख्या कामाला प्रत्येक फेरीचे उत्तर पुढच्या फेरीकडे नेणारे ‘फॉर/फोल्ड’ पुरते. चाळणीच्या पद्धतीने मूळ संख्या शोधताना मात्र मी घटक जागच्या जागी बदलणारे ‘व्हेक्टर-सेट!’ बिनदिक्कत वापरतो, तिथे काहीच न बदलण्याच्या शुद्धतेचा हट्ट धरला तर कोड लांबतो आणि वेगही घटतो. पदावली पायरीपायरीने सोडवून दाखवणारा डॉक्टररॅकेट या रॅकेटच्या कोड लिहिण्याच्या साधनातील स्टेपर उत्तम आहे, पण तो शिक्षणासाठीच्या भाषांपुरताच उपयोगी पडतो, ही उणीव खटकते.